शिक्षकाची नोंद : हायस्कुलांतील अध्यापकाच्या नित्यकार्याचा थोडा इतिहास

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघाली म्हणजे तींत शाळेचा इतिहास येतो. कोनशिला कोणत्या वर्षीं बसली, कौलें जाऊन गच्ची केव्हां झाली, मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर कोण कोण बसून गेले आणि शालान्त परीक्षेचा निकाल कोणत्या सालीं किती लागला, हें सर्व तींत यथाक्रम दिलेलें असतें. शेवटीं शिक्षकवृंदाचें एक छायाचित्र असतें. पुढें खुर्च्यांवर बसलेले, मागें उभे राहिलेले, सर्वांचे डोळे एकाच दिशेला लागलेले, असे ते गुरुजन पाहिले कीं मनांत प्रश्न येतो : हीं माणसें सकाळपासून सायंकाळपर्यंत काय करीत होतीं? 'शिकवीत होतीं' हें उत्तर खरें आहे, पण तेवढ्यानें कांहीं उलगडा होत नाहीं. अमका वाडी करतो एवढें म्हटल्यानें आळीं, शिंपणें, खत, राखण हें कांहींच कळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

प्रस्तुत लेखांत त्या नित्यकार्याचा थोडासा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. संपूर्ण इतिहास सांगण्याचा माझा अधिकार नाहीं आणि स्मरणिकेच्या पानांत तो मावणारही नाहीं. मी एकच धागा धरतों. वर्गांतील प्रत्येक मुलाला ओळखणें आणि त्याच्याविषयीं जें कळलें तें टिपून ठेवणें, हें हायस्कुलांतल्या शिक्षकाचें फार जुनें काम आहे. त्या टिपणावर परीक्षकांनीं, सरकारनें आणि शाळेच्या चालकांनीं किती विश्वास ठेविला, यावरून त्या त्या काळांत शिक्षकाची किंमत ठरत आली, असें मला दिसतें.

अशा कामाचें जुनें व तपशीलवार वर्णन पाहावयाचें झाल्यास येशूसंघाच्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या नियमग्रंथाकडे वळावें लागतें. सेमिनरींत असतांना या ग्रंथाचें नांव आम्हीं पुष्कळदां ऐकिलें होतें. वाचण्याचा योग मात्र शाळेची जबाबदारी अंगावर आल्यावर आला, आणि तेव्हां प्रथम जाणवलें कीं हा ग्रंथ विद्वानांपेक्षां वर्गांत घाम गाळणाऱ्यांच्या उपयोगाचा अधिक आहे. सिसिलींतील मेस्सिना येथें १५४८ सालीं येशूसंघानें बाहेरच्या मुलांसाठीं विद्यालय काढलें, आणि पुढील पन्नास वर्षांत तशीं विद्यालयें युरोपांत व पूर्वेकडे ठिकठिकाणीं निघालीं. त्या सर्वांचा अनुभव एकत्र करण्यासाठीं १५८६ सालीं एक मसुदा तयार होऊन तो निरनिराळ्या प्रांतांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यांत आला. १५९१ सालीं दुसरा झाला. अखेर संघाचे महाप्रमुख क्लॉदिओ आक्वाव्हिवा यांच्या कारकीर्दींत ८ जानेवारी १५९९ रोजीं नियम कायम झाले. म्हणजे शिकविणारांचे अभिप्राय घेत घेत बारा-तेरा वर्षें हें काम चाललें होतें. हल्लीं धोरण आधीं येतें आणि शिक्षकाचा अभिप्राय मागून, तोही कोणी विचारिल्यास.

या नियमांत खालच्या शाळेचे पांच वर्ग सांगितले आहेत : व्याकरणाचे तीन, त्यांवर साहित्याचा एक आणि त्याहून वर वक्तृत्वाचा एक. वयानें पाहूं गेल्यास हीं आजच्या हायस्कुलांतलींच मुलें. व्याकरणाच्या वर्गांस सकाळीं अडीच तास व दुपारीं अडीच तास शाळा असे. शाळा सुरू झाली कीं वर्गांतले नेमलेले प्रमुख विद्यार्थी इतरांचें पाठांतर ऐकत आणि कोणाचें किती चुकलें तें वहींत मांडीत. त्या अवधींत शिक्षक रिकामा नसे. मुलांनीं लिहून आणलेले लेख तो तपाशी. व्याकरणाच्या मुलांनीं शनिवार खेरीजकरून रोज लेख आणावयाचा. आणि तो तपासावयाचा कसा, तर ज्याचा त्याला जवळ बोलावून, हलक्या आवाजांत, म्हणजे बाकीच्यांचें काम खोळंबणार नाहीं. मुलें फार असलीं आणि सर्वांचे लेख पाहून होईनासे झाले, तर आज राहिलेल्यांस दुसऱ्या दिवशीं बोलवावें अशी सोय आहे. शनिवारीं साऱ्या आठवड्याची उजळणी. पन्नास-साठ वह्यांचा गठ्ठा पुढ्यांत घेऊन बसलेल्या कोणाही शिक्षकाला हे नियम वाचून चारशें वर्षांपूर्वींचा आपलाच कोणी सोबती भेटल्यासारखें वाटेल.

शिक्षेविषयींचे नियम तर आमच्या बालपणच्या छड्या आठवणाऱ्यांनीं मुद्दाम वाचावेत. शिक्षकानें शिक्षेची घाई करूं नये, अपराध खणून काढण्याचा हव्यास धरूं नये, शब्दानें वा कृतीनें कोणाचा अपमान करूं नये. मुलाला त्याच्या नांवानें किंवा आडनांवानेंच हांक मारावी, दुसरें कांहीं नांव ठेवूं नये. मारण्याची वेळच आली तर शिक्षकानें स्वतः हात उचलावयाचा नाहीं. त्या कामासाठीं संघाबाहेरचा निराळा माणूस नेमावा असें सांगितलें आहे. मार देण्याची पद्धत त्या काळांत कोणी सोडलेली नव्हती, तेव्हां हा नियम आजच्या अर्थानें दयेचा म्हणतां येणार नाहीं. तथापि ज्या हातानें वही तपासावयाची तो हात मुलाच्या अंगावर पडूं नये, एवढी जाण त्यांत खचित आहे. आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. त्या कायद्यावर शिक्षकांच्या खोलींत कुरकुर झालेली मीं ऐकिली आहे. तिला माझ्याजवळ एवढेंच उत्तर होतें कीं आपलाच जुना नियम थोडा फिरून आपल्याकडे आला.

शिक्षकानें कोणालाही तुच्छ लेखूं नये, श्रीमंतांच्या इतकीच गरिबांच्या अभ्यासाची काळजी घ्यावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीकडे वेगळें लक्ष पुरवावें, असाही एक नियम आहे. 'प्रत्येक' या शब्दांत शिक्षकाचें सारें कष्ट भरलेले आहेत. वर्गाला शिकविणें एक वेळ सोपें. वर्गांतल्या प्रत्येकाला शिकविणें हें रात्रींची झोंप नेणारें काम आहे.

आतां नोंदीकडे वळतों. वर्षाच्या आरंभीं शिक्षकानें विद्यार्थ्यांची यादी अक्षरानुक्रमानें लिहून शाळेच्या अधीक्षकाकडे द्यावयाची, आणि परीक्षा जवळ आली कीं त्या यादींत प्रत्येकाच्या नांवापुढें त्याची श्रेणी मांडावयाची : उत्तम, चांगला, मध्यम, शंकास्पद, त्याच वर्गांत ठेवण्याजोगा. परीक्षेला परीक्षक निराळे असत. मुलाचा लेख ते वाचीत, तोंडी प्रश्न विचारीत. पण त्याबरोबरच शिक्षकानें त्याच्या नांवापुढें केलेली खूण पाहत. मग निर्णय होई. एका दिवसाच्या परीक्षेनें मुलाचा निवाडा होऊं नये, वर्षभर जवळून पाहणाऱ्याची साक्ष काढावी, हा त्यांतला हेतु.

या पद्धतींत दोष नव्हते असें कोणीं समजूं नये. सारा भर लॅटिनवर. मातृभाषेला वर्गांत थारा कमी. मुलामुलांत चढाओढ लावून देण्याची युक्ति नको तितकी वापरलेली. आणि विद्यार्थ्यानेंच विद्यार्थ्याची चूक टिपावयाची, यांत चहाडखोरपणाचें बीं आहे, हें वर्गप्रमुख नेमणाऱ्या आजच्या शिक्षकांसही ठाऊक आहे.

वसईच्या लोकांस हा इतिहास परका नाहीं. येशूसंघाचे लोक येथें १५४८ पासून होते, आणि त्यांच्या विद्यालयाच्या चर्चची भग्न दर्शनी भिंत किल्ल्यांत आजही उभी आहे. संत गोन्सालो गार्सिया त्यांच्याच हाताखालीं वसईस शिकले, त्यांच्याबरोबर जपानास गेले, तेथील भाषा शिकून निपुण झाले, आणि पुढें फ्रान्सिस्कन बंधु होऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले. वरील नियम कायम होण्यास तेव्हां दोन वर्षें अवकाश होता. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. त्यांचें नांव आपल्याकडे घरोघर घेतात. त्यांना पहिली अक्षरें गिरवायला लावणाऱ्याचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. १७३९ सालीं किल्ला मराठ्यांच्या हातीं गेला आणि तेथली विद्यालयाची परंपरा तुटली.

ती पुन्हां सुरू झाली ती अगदीं निराळ्या रूपानें. १८५४ च्या वुडसाहेबाच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व आलें, १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या वर्षींच उत्तीर्ण झाले. मुंबईंत कॅथलिकांचें सेंट मेरीज १८६४ सालीं आणि सेंट झेवियर १८६९ सालीं निघालें. हायस्कूल हा शब्द मराठींत याच काळांत रुळला, आणि हायस्कूलचा मास्तर ही एक नवी जात निर्माण झाली.

या मास्तराचें काम काय होतें तें भांडारकरांच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. पुढें जगन्मान्य झालेले हे पंडित प्रथम सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील हायस्कुलांचे मुख्याध्यापक होते. मुलांना संस्कृत शिकवावयाचें तर हातीं सोपें क्रमिक पुस्तक नाहीं. तेव्हां त्यांनीं स्वतःच तें लिहिलें. पहिलें पुस्तक १८६४ सालीं आणि दुसरें १८६८ सालीं निघालें. पुढें कित्येक पिढ्यांनीं संस्कृताचा श्रीगणेशा त्यांवर केला. आज त्यांचें नांव संशोधक म्हणून घेतलें जातें तें योग्यच आहे. परंतु मुलगा कोठें अडतो हें रोज पाहणाऱ्या माणसालाच असें पुस्तक सुचतें.

मॅट्रिकच्या परीक्षेनें मात्र एक गोष्ट बदलली. उत्तरपत्रिकेवर नांव नाहीं, क्रमांक. तपासणारा दूरचा, अनोळखी. वर्षभर शिकविणाऱ्याला कोणी कांहीं विचारावयाचें नाहीं. या पद्धतीचा मोठा गुण मी प्रथम सांगतों : येथें मास्तराची मर्जी चालत नव्हती. सरदाराचा मुलगा आणि भिक्षुकाचा मुलगा एकाच मापानें मोजले जात, आणि खेड्यांतून आलेल्या पुष्कळ गरीब मुलांना याच दारानें वर येतां आलें, त्यांत आपल्याही लोकांची मुलें होतीं. पण शिक्षकाची नोंद तेव्हांपासून परीक्षेच्या दालनाबाहेर राहिली ती राहिलीच.

त्यावर आणखी एक आपत्ति आली. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू केली होती. मुंबई इलाख्यांतही त्याच दशकांत, सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षणखात्याचे मुख्य असतांना, अनुदानित शाळांस ती लागू झाली. तिचें स्वरूप असें : इन्स्पेक्टर शाळेंत येई, एकेका मुलाची एकेका विषयांत परीक्षा घेई, आणि जितकीं मुलें जितक्या विषयांत उतरलीं त्या हिशेबानें शाळेला पैसे मिळत. सरकारच्या दृष्टीनें यांत वावगें कांहीं नव्हतें. रयतेचा पैसा द्यावयाचा, तर बदल्यांत काय मिळालें तें मोजून घ्यावें, हा व्यवहार. परंतु शिक्षकाच्या टेबलावर त्याचा अर्थ काय होई तें पाहा. वहींत ज्याच्या नांवापुढें 'मंद' लिहिलें आहे तो मुलगा कालपर्यंत काळजीचा विषय होता. आतां तो तोट्याचा विषय झाला. हुशार मुलाचे पैसे मिळणार हें ठरलेलेंच, मंद मुलाचे मिळणार नाहींत हेंही ठरलेलें; तेव्हां सारी मेहनत मधल्या मुलांवर, आणि ती सुद्धां इन्स्पेक्टर काय विचारतात तेवढ्यापुरती. हजेरीपट, अहवाल, तक्ते यांचें लेखन वाढलें, आणि मुलाविषयींचें लेखन आटलें. वर्षांतून एकदां येणाऱ्या त्या घोड्यावरल्या साहेबाच्या भीतीनें शाळेचें पंचांग चालूं लागलें. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत हिंदुस्थान सरकारनें १९०४ च्या ठरावानें ही पद्धत मोडीत काढली. कागदावरून ती गेली. चालकांच्या मनांतून गेली असें मला वाटत नाहीं, आणि तें मी कशावरून म्हणतों तें पुढें येईल.

मध्यंतरीं एका मास्तराचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयाची देखरेखही त्यांजकडे होती. मुलें शाळेंत गेलीं कीं हे त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त सामान नीट लावीत, कपडे धुऊन टाकीत. मुलांसाठीं ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. सहा वर्षांनीं मिठाच्या सत्याग्रहांत उतरण्यासाठीं त्यांनीं नोकरी सोडली, आणि पुढची कीर्ति त्यांस लेखक व देशभक्त म्हणून मिळाली. 'गुरुजी' हें नांव मात्र हायस्कूलच्या त्या सहा वर्षांनीं दिलें. त्यांचा धर्म आपला नव्हता. पण शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची गोष्ट आपण पवित्र गुरुवारीं वाचतों तेव्हां मला अमळनेरच्या त्या खोल्या आठवतात.

आजच्या शिक्षकाचें काम वाचकांच्या डोळ्यांपुढें आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. सकाळची प्रार्थना, हजेरी, सहा-सात तासिका, रजेवरच्या सोबत्याचा तास, वह्या, घटक चाचण्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, संगणकावर भरावयाची माहिती, पालकसभा. त्यांतून शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका हीं तीन बाहेरचीं कामें त्याजवर ठेविलीं आहेत. वह्या बहुधा घरीं, जेवणें आटोपल्यावर तपासल्या जातात. तो वेळ कोणत्याही तक्त्यांत लिहिलेला नसतो.

आतां माझी स्वतःची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना तेथील शाळेचें व्यवस्थापन माझ्याकडे होतें. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा आणि तसा फलक फाटकावर झळकावा, अशी मंडळींची इच्छा होती, आणि खरें सांगावयाचें तर माझी त्यांहून अधिक होती. नववींत एक मुलगा गणितांत व इंग्रजींत अगदींच कच्चा होता. वडील नव्हते, पहांटे आईबरोबर भाजीची पाटी घेऊन तो स्टेशनावर जाई. त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसवावें, म्हणजे त्याचेंही काम होईल आणि शाळेच्या निकालालाही बाध येणार नाहीं, असें मीं वर्गशिक्षिका बाईंना सुचविलें. असें पुष्कळ ठिकाणीं करतात. बाईंनीं आपली वही उघडून त्या मुलाच्या नांवाचें पान माझ्यापुढें केलें. कोणत्या महिन्यांत त्याला काय येत नव्हतें आणि आतां काय येतें, तें तींत तारखेवार होतें. त्या म्हणाल्या, "फादर, आज तो माझ्या वर्गांत आहे. सतरा नंबर भरला तर तो कोणाच्याच वर्गांत राहणार नाहीं."

मीं पान नीट पाहिलें सुद्धां नाहीं. पण बाई हटल्या नाहींत आणि मला पुढें रेटण्याचा धीर झाला नाहीं. मुलगा शाळेंतूनच बसला. मार्चमध्यें तो गणितांत राहिला. फलक लागला नाहीं. माझी नाराजी बाईंना दिसेल अशा रीतीनें मीं ती दाखविली. पुरवणी परीक्षेंत त्याचें काय झालें हें मीं विचारिलें नाहीं, आणि पुढल्या वर्षीं माझी बदली झाली. इन्स्पेक्टर घोड्यावरून येत असे त्या काळची मनोवृत्ति अद्याप जिवंत आहे असें मी म्हणतों, तें यावरून.

२०२१ सालीं एक विलक्षण गोष्ट घडली. कोरोनाच्या साथीमुळें त्या वर्षींची दहावीची परीक्षा रद्द झाली. १८५९ पासून मॅट्रिक आणि १९४९ पासून एस. एस. सी. अशी परंपरा चालत आलेली. आतां कागद नाहीं, क्रमांक नाहीं, दूरचा परीक्षक नाहीं. मंडळानें ठरविलें तें असें कीं शंभरांपैकीं पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून आणि वीस गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक यांवरून द्यावेत. म्हणजे सर्व भार शाळेंतल्या नोंदींवर आला. ज्यांनीं वही नियमानें ठेविली होती ते शिक्षक शांतपणें बसून गुण भरीत होते. ज्यांनीं ठेविली नव्हती त्यांची धांदल काय वर्णावी! राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्यावर लोक हंसले. हंसण्याजोगें त्यांत होतें, हें मी नाकारीत नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्याची साक्ष कोणी काढली नाहीं त्याला एकाएकीं न्यायासनावर बसविलें, तर तो दयेकडे झुकणारच. पण त्या उन्हाळ्यांत आपल्या शाळेच्या बंद इमारतींत, तोंडावर मुखपट्टी बांधून, एकेका मुलाचें नांव घेऊन त्याच्याविषयीं बोलत बसलेले शिक्षक मीं पाहिले आहेत. निकालाच्या बैठकींत मुलांचीं नांवें उच्चारलेलीं मीं पूर्वीं क्वचितच ऐकिलीं होतीं. बहुधा टक्केच ऐकूं येत.

ही स्मरणिका तयार करतांना जुनी कागदपत्रें पाहावीं म्हणून धर्मगुरुनिवासाच्या माळ्यावरची पेटी काढविली. तींत हिशेबाच्या पावत्यांखालीं एका शिक्षकाची वही निघाली. मलपृष्ठ वाळवीनें खाल्लेलें, आंतलीं पानें बहुतेक शाबूत. मुलांचीं नांवें ओळीनें आणि प्रत्येकापुढें बारीक अक्षरांत एक-दोन वाक्यें. 'फळ्यावरचें दिसत नाहीं, पुढें बसविणें.' 'लावणीच्या दिवसांत येणार नाहीं, नंतर शिकवून घेणें.' 'आई वारली. महिनाभर वही मागूं नये.' एका नांवापुढें नुसतें, 'अजून कळला नाहीं.' ज्यांचीं नांवें आहेत त्यांपैकीं कांहीं आजोबा होऊन आपल्यांतच वावरत आहेत, म्हणून अधिक लिहीत नाहीं. वही कापडांत बांधून शाळेच्या कपाटांत ठेविली आहे. अशा आणखी वह्या जुन्या शिक्षकांच्या घरीं पेट्यांत, पोटमाळ्यावर पडून असतील. त्या रद्दींत घालण्यापूर्वीं मला दाखवाव्या, ही सर्वांस विनंति आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर मी कार्यालयांत असतों.